मागचे पाय

नागपूरच्या मिहान प्रकल्पात माणसं जास्त की खुर्च्या, याची मोजदाद आजवर कुणी केलेली नाही. केलीच तर खुर्च्या जिंकतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सेझमधल्या आयटी कंपन्यांत चाकांच्या, जाळीदार पाठीच्या, खालचा दांडा ओढला की फुस्सकन खाली जाणाऱ्या खुर्च्या आहेत. एम्सच्या ओपीडीत तिघातिघांना एका लोखंडी पट्टीवर बांधून टाकणाऱ्या खुर्च्या आहेत. टोकाचा पेशंट खोकला की मधल्याच्या हातातला केसपेपर हलतो. विमानतळावरच्या खुर्च्याही त्याच गोत्राच्या, फक्त तिथे खोकणारा माणूस तिकीट काढून आलेला असतो.

पण मिहानची अस्सल खुर्ची पाहायची असेल तर रिकाम्या प्लॉटच्या फाटकाशी जावं. तिथे वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची असते, आणि ती कधीच एकटी नसते. एकीचा पुढचा डावा पाय गेलेला, दुसरीचा मागचा उजवा. दोघी एकात एक घातल्या की चार पाय पुरे होतात आणि वॉचमन निर्धास्त बसतो. सहकारी तत्त्वावर विदर्भात इतकी वर्षं बिनतक्रार चाललेली दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

तसा मिहान हा मुळात बसण्याचाच प्रकल्प. 2002 साली त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि 'आता कंपन्या येतीलच' म्हणून नागपूरकर जो बसला, तो बसलाच. नाही म्हणायला काही कंपन्या आल्या. एम्स आलं, आयआयएम आलं, 2019 च्या मार्चमध्ये खापरीपर्यंत मेट्रो आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात वाघही आला. कॅमेऱ्यात दिसला, पेपरात छापून आला, आयटीतल्या पोरांनी घरून काम करायची परवानगी मिळते का ते पाहिलं. वाघाला मात्र कुणी 'बसा' म्हटलं नाही, म्हणून तो बिचारा निघून गेला.

अशा या खुर्च्यांच्या मुलखात, आमच्या सोसायटीत, एक जुनी लाकडी खुर्ची राहायला आली. निमित्त वाटणीचं. महाल भागातलं घर बिल्डरला द्यायचं ठरलं आणि सगळे जण जमले. सोन्याची वाटणी चहा निवायच्या आत झाली. खुर्चीपाशी मात्र गाडी अडली. ती वकीलआजोबांची. सिव्हिल लाइन्समधला कोणी साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आजोबांनी ती घेतली, असं घरात सांगत. तिच्यावर बसून त्यांनी खटले जिंकले, असंही सांगत. हरलेले कशावर बसून हरले, ते कुणी सांगत नसे. खुर्ची सगळ्यांना हवी होती आणि घरी न्यायची कुणालाच नव्हती. शेवटी मोठ्या आईने निकाल दिला, "जाऊ दे मिहानला. तिकडे काय, जागाच जागा आहे."

सोसायटीच्या फाटकावर गार्डने मोबाइल काढला. "ॲपवर काय टाकू सर? गेस्ट का डिलिव्हरी?" मी म्हटलं, घरचीच आहे. "घरचे असतीन तर फोटो पाहिजे." त्याने खुर्चीचा समोरून फोटो काढला, मग जरा मागे सरकून दुसरा काढला, आणि एकदम अदबीने विचारलं, "हिच्यावर बसतेत का जी, का फक्त ठेवतेत?" इतका नेमका प्रश्न मला पुढे कुठल्याही तज्ज्ञाने विचारला नाही.

घरात आल्यावर मुलाने तिची जात शोधून काढली. "बाबा, ही निओक्लासिकल आहे." या वयाची मुलं वस्तूकडे पाहून काही ठरवत नाहीत, वस्तूचा फोटो मोबाइलला दाखवतात आणि मोबाइल सांगेल ते आपल्याला सांगतात. पण यावेळी मोबाइलचं बरोबर होतं. सरळ, खाली निमुळते होत गेलेले पुढचे पाय, त्यांवर उभ्या नाळी, पायाच्या माथ्याशी चौकोनात कोरलेलं गोल फूल, ढालीच्या आकाराची पाठ आणि वेताची बैठक. या घराण्याचा इतिहास मी मग वाचून काढला, आणि मला तो फारच ओळखीचा वाटला.

झालं असं, की इटलीत 1738 साली हर्क्युलेनियम आणि 1748 साली पाँपेई ही राखेखाली गाडली गेलेली शहरं खणायला सुरुवात झाली. तोवर युरोपातल्या श्रीमंतांच्या खुर्च्यांना बकरीसारखे वाकडे पाय आणि जागा दिसेल तिथे शिंपले-वेलबुट्ट्या असत. जुनं रोम जमिनीतून वर येऊ लागलं तसा सगळ्यांना एकदम वाकडेपणाचा कंटाळा आला. खुर्च्यांना हुकूम सुटला, सरळ व्हा. फ्रान्समध्ये सोळावा लुई 1774 साली गादीवर आला आणि या सरळ पायांच्या खुर्चीला त्याचंच नाव पडलं. 1793 साली क्रांतिकारकांनी त्याची मान उडवली. खुर्चीची पाठ मात्र आजतागायत ताठ आहे.

इंग्लंडात हीच हवा रॉबर्ट ॲडम या वास्तुतज्ज्ञाने खेळवली. मग जॉर्ज हेपलव्हाइटचं नमुन्यांचं पुस्तक आलं, 1788 साली. तोवर हेपलव्हाइट वारून दोन वर्षं झाली होती, पुस्तक त्याच्या बायकोने काढलं. ढालीच्या पाठीची खुर्ची त्याच्या नावावर जमा आहे. पाठोपाठ 1791 पासून टॉमस शेरेटनचं पुस्तक निघू लागलं. शेरेटनची गंमत अशी, की ज्याच्या नावाने जगभर खुर्च्या विकल्या गेल्या, त्याच्या हातची म्हणून खात्रीने दाखवावी अशी एकही खुर्ची शिल्लक नाही. तो चित्रं काढायचा. बनवायचे दुसरेच. सल्लागार हा धंदा किती जुना आहे, ते यावरून कळतं.

त्याहून वरताण गंमत ग्रीक खुर्चीची. या पंथातले कट्टर लोक रोमवर थांबले नाहीत. त्यांना थेट अथेन्सची खुर्ची हवी होती. तिचं नाव क्लिस्मॉस, पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले. पण अडचण अशी, की मूळ क्लिस्मॉस एकही उरलेली नव्हती, आजही नाही. होती ती मडक्यांवर रंगवलेली आणि थडग्यांच्या दगडांवर कोरलेली चित्रं. पॅरिस-लंडनच्या सुतारांनी त्या चित्रांवरून खुर्च्या केल्या. चित्रात पाय झोकदार वळतो. लाकडात तेच वळण कापून काढलं तर रेषा आडव्या येतात आणि भारदस्त माणूस बसला की पाय तिथेच काडकन मोडतो. चित्रातल्या ग्रीक बाईला ही भीती नव्हती, कारण ती चित्रात होती.

मिहानमध्ये राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात कारंजी होती, कारंज्यापाशी टेनिसचं रॅकेट घेतलेली एक गोरी बाई होती आणि पाठीमागे निळं तळं होतं. चित्रावरून वस्तू करायची पॅरिस-लंडनची पद्धत आमच्याकडे पाळली गेली, एवढंच. तळ्याच्या जागी सध्या पाण्याच्या टँकरची वळायची जागा आहे.

खुर्चीवर बसलं की ती कुरकुरे, म्हणून लकडगंजातून मिस्त्री बोलावले. गेल्या तीन पिढ्या त्यांच्या घरी लाकडाचंच काम. मी त्यांना खुर्ची समोरून दाखवली, पायावरच्या नाळी दाखवल्या, फूल दाखवलं, लुईचं नावही घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची उचलली, सतरंजीवर उलटी ठेवली आणि म्हणाले, "समोरून काय पाहून राहिले जी? समोरून तं सगळ्याच खुर्च्या चांगल्या दिसतेत."

उलटी खुर्ची पाहण्याचा मान सहसा कुणाला मिळत नाही. मिस्त्रींनी बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवली. ते कोरलेलं फूल जिथे आहे, तिथे पाय चौकोनी ठेवलेला. खाली तो खरादावर गोल केलाय, पण माथ्याशी मुद्दाम चौकोनी. "इथं दोन बाजूनं दोन दांडे येऊन पायात घुसतेत. गोल ठेवलं तर घुसवा कुठून? भोक पाडाले भिंत पाहिजे नं." म्हणजे दांड्याच्या टोकाला जीभ, पायात तिच्या मापाचं भोक, आणि सगळी ताकद त्या गाठीत. मी विचारलं, मग फूल शोभेचं नाही? "शोभेचंच आहे. पण तिथं ठोकळा दिसला असता, म्हणून शोभा." मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलेला हा सिद्धांत सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात घालायला हरकत नाही.

मग त्यांनी गुण्या काढला आणि बैठकीच्या चौकटीला लावला. एकही कोपरा काटकोनात नव्हता. मी हळहळलो. "कायले वाईट वाटून घेता? समोरून रुंद, मागून अरुंद, असंच ठेवा लागते. माणसाचे गुडघे फाकतेत, कंबर नाही फाकत." त्यामुळे बाजूच्या दोन्ही दांड्यांच्या जिभा तिरप्या कापाव्या लागतात आणि त्यांची भोकंही तिरपी. चौकोनी स्टूल कुणीही करील. सुताराची परीक्षा या तिरप्या जिभेत असते.

शेवटी ते मागच्या पायांकडे आले, आणि त्यांचा आवाज बदलला. पुढच्या पायांना नाळी, निमुळतेपण, फूल. मागचे पाय साधे, चौकोनी, रंध्याने सारखे केलेले आणि बस्स. खुर्ची भिंतीला लागून असायची, मागे कोण बघतो, म्हणून कारागिराने तिथे नक्षीचा वेळ घालवलेला नाही. पण मागचा पाय जमिनीपासून निघतो तो बैठकीशी थांबत नाही. तोच वर जाऊन पाठीचा उभा दांडा होतो. अख्खं एकच लाकूड. बैठकीपाशी ते जरा सरळ, वर गेल्यावर मागे कललेलं आणि खालीही मागेच झुकलेलं, म्हणजे माणूस रेलला तरी खुर्ची उलटू नये. असा वाकडा पाय काढायला रुंद फळी लागते. एकाच्या वळणात दुसरा बसवून कापले तर तेवढंच लाकूड वाचतं. पुढचा पाय मोडला तर नवा बसवता येतो. मागचा मोडला तर पाठ पण गेली. माणूस टेकतो, रेलतो, हसताना झुलतो, रागावून मागे रेटतो, त्या सगळ्याचा भार बाजूच्या दांड्याच्या आणि मागच्या पायाच्या गाठीवर येतो. आमची खुर्ची कुरकुरत होती ती तिथेच. "पुढचे पाय दिसाले असतेत जी," मिस्त्री म्हणाले, "खुर्ची उभी असते मागच्यावर."

चौकटीच्या आतल्या अंगाला पटाशीने मारलेल्या खुणा होत्या. रोमन आठ. जुने सुतार खुर्च्यांचा संच करायचे तेव्हा कुठली बैठक कुठल्या चौकटीत बसते ते चुकू नये म्हणून असे आकडे घालत. रोमन आकड्यांत सगळ्या सरळ रेघा, पटाशीचे चार-पाच घाव मारले की आकडा तयार. वेताची बैठक उचलून पाहिली तर तिच्याखाली सात. म्हणजे खुर्ची आठवी आणि बैठक सातवी. हे कळल्यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी चर्चा सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. आठवी आपल्याकडे, तर आधीच्या सात कुणाकडे गेल्या, हा प्रश्न प्रथम एका आत्याने विचारला. त्यानंतर दोन चुलत घरांचं बोलणं बंद आहे. लुईच्या राजवाड्यात याहून वेगळं काय होत असेल?

गाठ उकलताना मिस्त्रींनी गरम पाण्याचं फडकं लावलं आणि जुना सरस सुटला. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओल मिळाली की हात सोडतो. म्हणजे खुर्ची करणाऱ्यानेच गृहीत धरलेलं असतं, की ही पुढे कधीतरी कुणीतरी खोलील, दुरुस्त करील आणि परत जोडील. हल्लीचा डब्यातला पांढरा गोंद असा हात सोडत नाही. जोड सुटायच्या आधी लाकूड फाटतं. वेताचंही असंच. आधी दोन थर उभे, दोन आडवे, मग दोन तिरपे, असं विणत गेलं की ती आठ कोनांची जाळी तयार होते. वेत भिजवून ओला विणायचा. वाळला की आपोआप ताणून बसतो. सरकारी कचेऱ्यांतल्या आणि रेल्वेतल्या वेताच्या खुर्च्या विणायचं काम वर्षानुवर्षं दृष्टिहीन कारागीर करत आले. ज्यांच्या विणीवर साहेब बसले, त्यांनी साहेबाला कधी पाहिलं नाही. साहेबांनी तरी त्यांना कुठे पाहिलं?

एवढं सगळं झाल्यावर मिस्त्रींनी तळाशी थोडं पॉलिश घासलं, लाकूड हुंगलं आणि आमच्या घराण्याची विलायती अब्रू एका शब्दात घालवली. "सागवान." साहेबाची खुर्ची, हेपलव्हाइटची पाठ, लुईचे पाय, आणि लाकूड मात्र आमच्या शेजारच्या जंगलातलं. खरं तर यात नवल नाही. साहेब लोक पुस्तकातला नमुना इथल्या सुतारापुढे टाकत आणि इथला सुतार इथल्या लाकडात तो उतरवून देई. विलायतेत अशा खुर्च्या महोगनीच्या, आणि तीही वेस्ट इंडीजकडून बोटीतून आलेली. 1721 साली ब्रिटनने वसाहतींतल्या लाकडावरची जकात उठवली, तेव्हापासून तिचं पेव फुटलं. म्हणजे अस्सल इंग्रजी खुर्चीतही इंग्रजी असं फारसं काही नसतं. तिच्या बैठकीचा वेत तर आपल्याच बाजूच्या समुद्रातून तिकडे गेला.

हे ऐकून शेजारचे काका आत आले. ते वनखात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे 'सागवान' हा शब्द त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. "सीपी टीक," ते म्हणाले आणि खुर्चीला हात लावून उभे राहिले. आपला प्रांत सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये होता तेव्हाचं हे नाव लाकडाच्या बाजाराने अजून सोडलेलं नाही. आलापल्ली, बल्लारशा, चंद्रपूर, गडचिरोली. सागात तेल असतं म्हणून वाळवी तोंड लावत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात उशाही दमट होतात, तरी साग फारसा आखडत-फुगत नाही. काका मग नेहमीच्या जागी आले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 च्या मार्चमध्ये सागवान गेलं ते बल्लारशाहून. दिल्लीच्या नव्या संसदेत सागवान लागलं ते नागपूरहून. "लाकूड आपलं," ते म्हणाले, "आणि खुर्ची?" या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, कारण विदर्भात या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस पुढच्या निवडणुकीला उभा राहतो.

खुर्चीचं आणि नागपूरचं नातं तसं गुंतागुंतीचंच. 1853 साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, 1854 साली डलहौसीने राज्य खालसा केलं आणि वाड्यातलं जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झालं. गादी गेली आणि साहेबाची खुर्ची आली. गादीवर बसायचं तर मांडी घालावी लागते, आणि मांडी घातलेला माणूस कितीही मोठा असला तरी समोरच्याला त्याच्याजवळच बसता येतं. खुर्चीने ती सोय काढून घेतली. खुर्चीवर एक जण बसतो, बाकीचे उभे राहतात. इंग्रजांना हे इतकं पटलं, की उत्तर हिंदुस्थानात त्यांनी 'कुर्सीनशीन' असा चक्क दाखला काढला. साहेबाच्या भेटीला गेल्यावर या गृहस्थाला खुर्ची द्यावी, असं त्यात सरकारने लिहून दिलेलं. लोक तो दाखला जपून ठेवत. आज आपण जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढतो; बसण्याचा दाखला तेवढा बंद झाला, पण बसण्याआधी साहेबाच्या तोंडाकडे पाहायची सवय काही गेली नाही.

आणि इमारतींचं म्हणाल तर सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्ट पाहा. हेन्री मेड या वास्तुतज्ज्ञाने केलेली ही इमारत 1940 साली उघडली. घुमट, दर्शनी खांब, मोजूनमापून दोन्ही बाजू सारख्या. त्या खांबांसमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या खुर्चीचे पुढचे पाय म्हणजे देवळाचे खांबच, हातभर उंचीचे केलेले. पक्षकार समोरून खांब बघत आत जातो. कोर्टाची गाडी मात्र चालते ती मागच्या खोल्यांत, फायली बांधणाऱ्या आणि तारखा लिहिणाऱ्या माणसांवर. सरकारची खुर्ची तर इथे पाहुणीच. 1953 च्या नागपूर कराराने सरकारने वर्षातून काही काळ नागपुरात बसावं असं ठरलं, आणि 1960 पासून हिवाळी अधिवेशन भरू लागलं. डिसेंबरात मंत्री येतात, बसतात, जातात. त्या दिवसांत शहरातल्या बिछायत केंद्रात खुर्च्या मिळत नाहीत, आणि लग्नघरातला मुलीचा बाप 'सरकार कधी उठतं' याची चौकशी करत फिरतो.

आमच्याकडे येणारे पाहुणे हल्ली या खुर्चीपाशी थबकतात आणि किंमत विचारतात. आयटीतले एक शेजारी तर रोज नवी बातमी आणतात. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिअर जेनेरे या स्विस वास्तुतज्ज्ञाने केलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या सरकारने जुन्या म्हणून भंगारात काढल्या, त्या परदेशी लिलावांत लाखोंना गेल्या, आणि 2011 साली सरकारला त्या देशाबाहेर न्यायला बंदी घालावी लागली, हे त्यांच्याकडूनच कळलं. "तुमची पण चेक करून घ्या सर." स्वतः ते जाळीच्या खुर्चीवर बसतात. तिला मानेसाठी वेगळा, कमरेसाठी वेगळा, हातासाठी वेगळा खटका आहे. एवढे खटके असूनही त्यांची कंबर दुखते, कारण खुर्चीला सगळं वळवता येतं, फक्त त्यांना तिच्यावरून उठवता येत नाही. मध्यंतरी तिचं एक चाक तुटलं. दुकानदार म्हणाला, चाक मिळत नाही, खालचं सगळं बदला. खालचं सगळं बदलायच्या भावात नवी येते. नवी आली. जुनी आता फाटकाशी गार्डकडे आहे, आणि चार चाकांवर डुगडुगत का होईना, ती सोसायटीचं रक्षण करते.

आमची खुर्ची मिस्त्रींनी पाचर मारून, नव्या सरसाने जोडून, लाखेचं पॉलिश फिरवून दिली. ती आता कुरकुरत नाही. तिच्यावर बसलं की पाठ आपोआप ताठ होते आणि दहा मिनिटांत उठावंसं वाटतं. कारागिराची ती खोट नाही. ही खुर्ची बसणाऱ्याच्या आरामासाठी नाहीच. समोर उभा असेल त्याने बघावं म्हणून आहे. म्हणून तिची सगळी नक्षी समोर आणि सगळं काम मागे.

एकदा हे लक्षात आलं की मिहानही तसंच दिसायला लागतं. वर्धा रोडवरून जाताना काचेच्या इमारती, एम्सची कमान, आयआयएमचं आवार, मेट्रोचे खांब. हे पुढचे पाय. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव यांची नावं माहितीपत्रकात नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतात. चार हजारांहून जास्त हेक्टरांचा हा पसारा उभा आहे तो त्यांच्या शेतांवर, आणि मोबदल्याचे, पुनर्वसनाचे अर्ज घेऊन वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या बाकांवर बसलेली माणसं त्याच गावांची. त्यांना चाकांच्या खुर्च्या कुणी दिल्या नाहीत. सकाळी त्याच काचेच्या इमारतींत फरशी पुसायला, बसगाड्या चालवायला आणि त्या दोन-खुर्च्यांच्या-एका-खुर्चीवर पहारा करायला हीच मंडळी येतात. नाळी नाहीत, फूल नाही. भार मात्र तिथेच आहे.

तेव्हा कुणी जुनी खुर्ची घ्यायला निघालात, तर एवढं ऐका. समोरची नक्षी पाहून भुलू नका. समोर सगळेच फूल काढतात. दुकानदाराला विचारा आणि खुर्ची उलटी करा. मागचा पाय आणि पाठीचा दांडा अखंड एकाच लाकडाचा आहे का, मधे कुठे सांधा मारून वरून पॉलिश फासलंय का, ते पाहा. दांडा आणि मागचा पाय जिथे मिळतात, तिथे दोन्ही हातांनी धरून हलवा. गाठ हलत असेल तर भाव निम्मा करा. वेत उन्हाळ्यात तडकू नये म्हणून अधूनमधून पाणी शिंपडा, पण खालच्या बाजूने. वरून वेताची साल चकचकीत असते, ती पाणी आत घेत नाही. आणि मतदानाला जाल तेव्हा हाच नियम तिथेही लावा.